हौशी मासेमारीत टार्गेट ठेवावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडीच्या धक्क्यावर, कातळावर किंवा धरणाच्या काठाला सुट्टीच्या दिवशी रॉड नाहीतर साधी गरी घेऊन बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांचं घर मासेमारीवर चालतं त्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना मी काही सांगायला जाणार नाही, उलट त्यांच्याकडूनच शिकायचं असतं.

मजेसाठीच जातो ना आपण, मग त्यात टार्गेट कशाला घुसवायचं?

घुसवलंच पाहिजे असं काही नाही. पण मला असं वाटतं की टार्गेट नसलेला माणूस पाण्यावर फार कमी येतो, बहुतेकांच्या मनात ते असतंच फक्त बोललेलं नसतं, "आज एक तरी दणकट लागला पाहिजे" हेच ते. आणि गंमत अशी की न ठरवलेलं टार्गेट हे नेहमी वजनाचं किंवा संख्येचंच होतं, आपोआप. म्हणून मी म्हणतो की ठरवून ठेवा. काय शिकायचं ते ठरवा आणि कुठे थांबायचं ते ठरवा. आकडाच हवा असेल तर तो "इतके मिळालेच पाहिजेत" असा नको, "इतके झाले की गरी वर" असा ठेवा. खालच्या सगळ्या उत्तरांत मी फिरून फिरून हेच सांगणार आहे.

ऑफिसमध्ये आकडा असला की काम होतं, मग इथे पाच मासे म्हटलं तर काय बिघडतं?

कारण मासा लागणं तुमच्या हातात नाही. पाणी गढूळ झालंय, वारा फिरलाय, भांगाचं म्हणजे अष्टमीच्या आसपासचं सुस्त पाणी आहे आणि प्रवाहच नाही, बारका चारा म्हणजे बोय-कोळंबी दुसऱ्या तोंडाला गेलीये, यातलं एक जरी असलं तरी तुम्ही सगळं बरोबर करूनही हात हलवत परत येऊ शकता आणि तुमच्यापेक्षा कच्चा माणूस शेजारी बसून तासाभरात दोन काढतो. मग तुम्ही चुकलात का? नाही.

आणि आकडा पूर्ण होईना झाला की माणूस काय करायला लागतो ते बघा. आधी बोटाएवढी पिल्लं पिशवीत जायला लागतात कारण आकडा भरायचाय. मग "अजून अर्धा तास" करत करत भरती चढलेली लक्षात येत नाही. मग घरी येऊन चिडचिड. मजेसाठी गेलो होतो ना?

बरं मग टार्गेट ठेवायचं तरी कशाचं?

जे तुम्ही मासा न लागताही पूर्ण करू शकता त्याचं. माझ्या मते सगळ्यात भारी टार्गेट म्हणजे एक जागा वर्षभर धरून ठेवणं. एकच खाडीचं तोंड घ्या किंवा एकच कातळ, आणि ती जागा पूर्ण ओळखायची. मोठ्या ओहोटीला रॉड न घेता जा, पाणी उतरलं की तळ उघडा पडतो, तेव्हा कुठे दगडांची रांग आहे, कुठे चर आहे, कांदळवनातून पाणी कुठल्या वाटेने खाली येतं हे डोळ्यांनी बघून घ्या, फोटो काढून ठेवा. भरतीला मासा याच वाटांनी वर येतो आणि ओहोटीला याच वाटांवर चाऱ्याची वाट बघत थांबतो. एकदा हे डोक्यात बसलं की तुम्ही समुद्रात गरी फेकत नाही, त्या चरात फेकता. लोक दर वीकेंडला नवीन स्पॉट शोधत फिरतात, शंभर-दीडशे किलोमीटर गाडी मारतात, आणि तीन वर्षांनी त्यांना एकही जागा नीट माहीत नसते, मला हे खरंच वाईट वाटतं.

बाकी हाताची कामं. ब्रेडेड म्हणजे विणलेल्या लाईनला लीडर, म्हणजे गरीच्या बाजूचा जाड दोरा, जोडायची एफजी नॉट नावाची गाठ अंधारात बांधता आली पाहिजे हे चांगलं टार्गेट आहे, घरी टीव्हीसमोर बसून होतं. मैदानात बादली ठेवून कास्ट बादलीच्या जवळ पाडायची प्रॅक्टिस करा. आमिष विकत न घेता स्वतः धरायचं, जिवंत कोळंबी गरीला अशी लावायची की ती पोहत राहील, हे पण शिकायला वेळ जातो. आणि पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं टाकणारे एखादे काका ओळखीचे असतील तर त्यांच्यासोबत एक सकाळ नुसतं बसा, पाण्यावरची बारीक लव बघून "तिकडे बोय हाय" म्हणतात ना ते कसं दिसतं एवढंच त्यांच्याकडून शिकायचं, बाकी काही नको.

भरती-ओहोटीचं मला काही कळत नाही, ते शिकणं हे टार्गेट होऊ शकतं का?

अहो तेच पहिलं असायला पाहिजे. ॲप आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे तो तोंडपाठ करा. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरायची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनच्या आसपास पाणी पूर्ण आणि पहाटे पण तसंच. अष्टमीला सहा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा, तुमच्या खाडीत आत जाल तसा वेळ पुढे सरकतो, तो किती सरकतो हे स्वतः बघून नोंदवणं हेच टार्गेट.

पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं जास्त उतरतं आणि ओढ पण जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. कुठल्या जागेला कुठलं पाणी चालतं हे जागेवर आहे, अरुंद खाडीत उधाणाला शिसं तळाला टिकतच नाही म्हणून तिथे भांग बरा पडतो.

एकच जात टार्गेट केली तर? मला जिताडाच धरायचाय.

चालेल की, उलट चांगलं. एका सीझनला एक जात घेतली की तिचा अभ्यास होतो. पण अभ्यास म्हणजे सगळाच. जिताडा, ज्याला गोव्यात चणक म्हणतात, तो आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे तुम्ही ज्या ट्रॉफीच्या मागे आहात तो मोठा जिताडा जवळजवळ नक्की मादी असणार आणि पावसाळ्याच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी तीच अंडी घालणार. गोबऱ्याचं बरोबर उलटं, तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. एका कातळाखालचा मोठा गोबरा काढला की त्या जागेचा नरच गेला असं होऊ शकतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, मधल्या मापाचा खायला ठेवा आणि खूप मोठा फोटो काढून सोडा. हे ऐकून लोक म्हणतात की मग पकडायचा कशाला. अहो पण तुम्हाला तर जिताडा धरायचा होता ना, तो धरलात की.

तांबोशी धरायची असेल तर तयारी वेगळी. ती दगडाच्या किंवा कांदळाच्या मुळांच्या आडोशाला असते, आमिष घेतलं की सरळ बिळाकडे धाव मारते आणि लाईन दगडावर घासून तुटते. तिथे टार्गेट "तांबोशी काढणं" असं न ठेवता "पहिल्या धावेला तिला वळवता येणं" असं ठेवा. लीडर जाड घ्या, ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना लाईन किती सहज सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, आधीच घट्ट करून ठेवा.

वजनाचा पर्सनल रेकॉर्ड ठेवू नये का? सगळेच ठेवतात.

ठेवा, पण लांबीचा ठेवा. वजन करायला मासा काट्याला टांगावा लागतो, तोंडाने उभा लटकवला की मोठ्या माशाच्या जबड्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते. लांबी मोजायला रॉडवरच इन्सुलेशन टेपने खुणा करून ठेवता येतात, मासा पाण्यात ओल्या हाताने आडवा धरला, खुणेशी लावला, झालं. सोडायचाच असेल तर गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, गरी पटकन निघते.

रेकॉर्डच्या मागे लागण्याची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट महाशीरची, म्हणजे नदीतल्या एका मोठ्या माशाची आहे. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन नावाच्या माणसाने कावेरीच्या खोऱ्यात 120 पौंडांचा म्हणजे साधारण 54 किलोंचा महाशीर काढला, आणि तेव्हापासून किती पिढ्या त्या आकड्याच्या मागे कावेरीवर जात राहिल्या. तो होता कुबड्या महाशीर. इतका नावाजलेला मासा, पण शास्त्रीयदृष्ट्या त्याची नेमकी ओळख पटायला 2018 साल उजाडलं, टॉर रेमादेवी म्हणून, आणि ओळख पटली त्याच वर्षी तो अतिधोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला. याचं खापर मी रॉडवाल्यांवर फोडत नाही हां, धरणं, सुरुंग लावून मासे मारणं, वाळूउपसा अशी मोठी कारणं आहेत, उलट सोडून देणाऱ्या हौशी लोकांमुळेच तिथे बरीच राखण झाली. पण सगळ्यांना वजन पाठ होतं आणि मासा कुठल्या जातीचा आहे हेच माहीत नव्हतं, हे मला टोचतं.

वही ठेवायची का? कंटाळा येतो लिहायचा.

कंटाळा येतो मान्य, तरी ठेवा, आणि वरच्या गोष्टीचा पुढचा भाग ऐका म्हणजे कळेल का म्हणतोय. लोणावळ्याला वळवणला टाटांचं महाशीर प्रजनन केंद्र आहे, 1970 च्या दशकापासून तिथे निळ्या पराच्या महाशीरची पिल्लं तयार होतात. हा मासा आपला, सह्याद्रीतून पूर्वेला वाहणाऱ्या नद्यांचा, सायक्स साहेबाने 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. इथली पिल्लं चांगल्या हेतूने लांब लांब दिली गेली, कावेरीतही सोडली गेली. कावेरीत ती तरारली, मासे भरपूर लागायला लागले, सगळ्यांना वाटलं महाशीर वाढला. मग कावेरीकाठच्या गॅलिबोर इथल्या अँगलिंग कॅम्पवरच्या, म्हणजे हौशी गळवाल्यांच्या मुक्कामावरच्या, नोंदी अभ्यासकांनी काढल्या, 1998 ते 2012 पर्यंतच्या, कोण किती तास बसला, काय लागलं, किती मोठं. त्यातून दिसलं की आकडा वाढलाय तो बाहेरून आलेल्या निळ्या पराच्या माशाचा, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या जवळजवळ नाहीसा होत चाललाय.

ही माहिती कुठल्या यंत्राने दिली नाही, मजेसाठी गळ टाकणाऱ्यांच्या नोंदींनी दिली. आणि एक नीट बघा, त्यात काही न लागलेले तास पण लिहिलेले होते म्हणून हिशोब लागला. तुम्ही फक्त मोठे मासे लागलेले दिवस लिहिलेत तर त्या वहीला अर्थ नाही. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाणी कसं होतं, आमिष काय, किती वेळ बसलो, काय लागलं, काय सोडलं. मोबाईलच्या नोट्समध्ये दोन ओळी टाकल्या तरी बास. रिकामा दिवस लिहिणं हे यंदाचं टार्गेट ठेवा, मला विचाराल तर याच्याएवढं उपयोगाचं दुसरं नाही.

वरची मर्यादा किती ठेवावी?

घरात त्या दिवशी जेवढं शिजेल तेवढं. फ्रीजरमध्ये महिनाभर दगड होऊन पडणाऱ्या माशासाठी तो मासा मारू नका. शेजाऱ्यांना वाटायला म्हणून पण मी नाही म्हणेन, एखाद्या वेळी ठीक.

खाली पण एक रेघ हवी, पिल्लं ठेवायची नाहीत. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर माप ठरवून दिलंय, ते मुख्यतः धंद्याच्या मासेमारीला डोळ्यासमोर ठेवून असलं तरी आपण हौशी लोकांनी ते पाळायला काय हरकत आहे, यादी मोबाईलमध्ये ठेवा.

चढणीच्या माशांचं वेगळं बोलतो कारण विषय नाजूक आहे. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे धरणं हा कोकणात सणच असतो, लहानपणच्या आठवणी असतात, आणि मी कुणाला ते बंद करा म्हणणार नाही. पण ते मासे गाभोळीने भरलेले असतात, अंडी घालायलाच चाललेले असतात. समुद्रात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते तीही माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रापासून माणसं वाचावीत म्हणून. मग गावाच्या ओढ्याला आपणच ठरवायचं, एका जेवणापुरते धरले, घरी. शहरातून गाड्या भरून येऊन पिंपं भरायची आणि व्हिडिओ काढायचे हे बरोबर नाही.

एक अपवाद चिलापी. ती बाहेरची, 1952 साली भारतात आणलेली, उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे झालीये आणि इथल्या माशांच्या तोंडचा घास घेते. चिलापीला वरची मर्यादा नको, खुशाल ठेवा, तळून छान लागते.

मित्रांमध्ये पैज लावतो, कोणाचा मोठा. वाईट आहे का?

पैज लावा पण मापावर नको. कोण लांब आणि अचूक कास्ट टाकतो, कोणाला जास्त वेगवेगळ्या जाती लागतात, यावर लावा. जातींवर लावली की बारीकसारीक मासा पण बघितला जातो, रेणवी, काळुंदर, शेंगाळा, टोळ, आणि नावं शिकली जातात. शेंगाळ्याचा नर अंडी तोंडात घेऊन सांभाळतो, त्या काळात काही खात नाही, हे कळल्यावर "छे, शेंगाळाच लागला" असं म्हणून तो कातळावर भिरकावणारे हात थांबतात, असं मी पाहिलंय. हां, त्याचे काटे जपून. लागला काटा तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, आणि सूज वाढली तर सरळ डॉक्टर.

ग्रुपवरच्या फोटोंबद्दल एवढंच सांगतो, तिथे फक्त लागलेले दिवस येतात, त्याच्याशी आपला रविवार ताडून बघू नका.

मुलाला नेतोय, त्याला काही टार्गेट द्यावं का?

नको. त्याला तरंगा बुडताना दिसला पाहिजे, बास. मोठ्या माशाच्या जागी नेऊन चार तास बसवू नका, तळ्याच्या काठी गांडूळ लावून खवल्या-चिलापी जिथे पटापट टोचतात तिथे न्या, आणि तो दगडं फेकायला लागला की निघा. आठ-नऊ वर्षांच्या पुढचा असेल आणि स्वतःहून विचारत असेल तर गाठ बांधायला शिकवा. मासा सोडायचा की ठेवायचा हे मात्र त्याला ठरवू द्या.

कधी टार्गेट सरळ सोडून द्यायचं?

समुद्राने सांगितलं की. कातळावर उभे असाल आणि मागचा दगड ओला दिसला म्हणजे लाट तिथपर्यंत येऊन गेलीये, तुम्ही पाहिली नाहीत एवढंच. मागे या. जाण्याआधीच वेळ ठरवा, भरती अर्धी झाली की उठायचं, आणि ती वेळ मासा लागत असतानाही मोडायची नाही. उलट मासा लागत असतानाच माणसं अडकतात. एकट्याने रात्री कातळावर नको, लाईफ जॅकेट घाला, खिळ्याचे बूट घ्या, पावसाळ्यात तर उघड्या कातळावर जाऊच नका, तेव्हा खाडीच्या आतला धक्का बरा. इथे मी कोणाशी वाद घालत नाही.

धरणावर जायचं तर परवानगी लागते का?

बऱ्याच जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय बसायचं नाही, बीज त्यांनी सोडलेलं असतं. मुंबईच्या पवई तलावासारख्या ठिकाणी अँगलिंग असोसिएशन म्हणजे हौशी गळवाल्यांची संघटना आहे, तिथले नियम पाळा. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, देवाचा डोह इथे गरी काढायचीच नाही. महाडजवळ वाळणकोंडीला जाऊन या कधीतरी, तिथल्या डोहातले महाशीर गावाने देवीचे म्हणून राखलेत, कोणी हात लावत नाही. हातात रॉड नसताना मोठा महाशीर जवळून कसा वळतो, कसा तोंड उघडतो हे बघणं, हेसुद्धा टार्गेटच्या यादीत टाका.

महागडा रॉड घेतला की टार्गेट लवकर गाठता येईल ना?

वरची यादी परत वाचा, त्यातलं जवळपास काहीच पैशाने येत नाही. लाईन आणि गरी चांगली घ्या, बाकी नंतर.

पुढच्या रविवारी पहिल्यांदाच जातोय, एकच टार्गेट सांगा.

तिथी बघा, पाऊणपट करा, आणि भरतीच्या वेळेच्या आधी दोन तास खाडीच्या धक्क्यावर पोचा. पाणी चढताना कुठल्या दगडाला कधी लागतं ते तीन-चार दगडांचं लिहून घ्या. मधल्या वेळात कोळंबी लावून गरी टाका, लागलं तर लागलं. ठरलेल्या वेळी उठा, तुटलेली लाईन आणि प्लास्टिक पिशवीत भरून परत आणा, आणि घरी आल्या आल्या रील गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा, खारं पाणी एका रात्रीत बेअरिंग धरतं.